जुना टर्नटेबल घरच्या घरी, कमी खर्चात: आधी दुरुस्त करा, मोड नंतर

जुना टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं मशीन, हातात आला की बहुतेकांना पहिली खाज सुटते ती नवीन प्लिंथ (मशीन बसतं ती खालची पेटी) बनवायची, नाहीतर लाकडाला पॉलिश मारून फोटो टाकायची. जरा थांबा. आतलं तेल सुकलंय, बेल्ट ढिला पडलाय, सुई झिजलीय, आणि अशा मशीनवर तुम्ही मोड, म्हणजे मूळ रचनेत आपला बदल, केलात तर फरक मोडमुळे पडला की अजून कशामुळे हे कधीच कळणार नाही. म्हणून माझा नियम साधा आहे, आधी कारखान्यातून निघाला होता तसा चालता करा, मग एका वेळी एकच बदल करा, आणि तोही असा की उद्या नको वाटला तर काढता आला पाहिजे. पैसे खरे इथेच वाचतात, कारण बऱ्याचदा साफसफाई, तेल, बेल्ट आणि नवीन सुई एवढ्यावरच मशीन इतकं छान वाजायला लागतं की पुढचं करावंसंच वाटत नाही.

घेतानाच काय बघायचं ते आधी सांगतो. ढोबळमानाने तीन प्रकार. बेल्टवाले, म्हणजे मोटर आणि प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी) यांच्यामध्ये रबरी पट्टा, उदाहरणार्थ थोरेन्स टीडी १६० किंवा एआर (अकूस्टिक रिसर्च) कंपनीचा एक्सए. आयडलरवाले, ज्यात मोटरच्या पुलीवर घासणारं रबरी चाक प्लॅटर फिरवतं, गॅरार्ड ३०१ आणि ४०१, लेन्को एल७५, ड्युअल १०१९ ही सगळी त्यातली मंडळी. आणि डायरेक्ट ड्राइव्ह, जिथे प्लॅटर थेट मोटरवरच बसतो, टेक्निक्सची सगळी गाजलेली मशीन तीच. घरी शिकायला बेल्टवाला सगळ्यात सोपा, कारण आत बिघडण्यासारखं फारसं काही नसतंच. आयडलरला मेहनत जास्त पण तो पक्का यांत्रिक मामला आहे, डोळ्यांनी बघून समजतो. डायरेक्ट ड्राइव्ह चालू असेल तर त्याच्यासारखं सुख नाही, पण त्याचा कंट्रोल बोर्ड गेला आणि त्यात त्या काळची खास आयसी (इलेक्ट्रॉनिक चिप) असली तर ती शोधत बसावं लागतं, त्यामुळे बंद अवस्थेतला स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका.

सगळ्यात कडक परीक्षा टोनआर्मची, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याची, घ्यायची. बाकी सगळं बदलता येतं, बनवता येतं, पण आर्मचं बेअरिंग ठेचलं गेलेलं असलं की खेळ संपला. हेडशेल, म्हणजे आर्मचं सुईकडचं टोक, दोन बोटांत अलगद धरून पुढेमागे, वरखाली हलवून बघा, कट् असा बारीक खेळ जाणवला तर बेअरिंग सैल आहे. मग मागचं वजन फिरवून आर्म हवेत तरंगता करा आणि हलकी फुंकर मारा, तो सहज सरकला पाहिजे आणि कुठे अडकता कामा नये. अपवाद लेन्कोचा, त्याच्या आर्ममध्ये व्ही आकाराचे छोटे रबरी ब्लॉक असतात जे वयाने भुगा होतात आणि आर्म लटपटायला लागतो, पण ते बदली मिळतात आणि अर्ध्या तासात बसतात, त्यामुळे त्यावरून लेन्को नाकारू नका, उलट भाव पाडायला ते कारण बरं आहे.

अजून एक गोष्ट लोक हमखास विसरतात, मागची पट्टी वाचा. जुन्या एसी सिंक्रोनस मोटरचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो, व्होल्टेजवर नाही. ६० हर्ट्झच्या देशासाठी बनलेलं मशीन ५० हर्ट्झवर लावलं तर ३३.३३ च्या जागी साधारण २७.८ आरपीएमने फिरतं आणि गाणारी बाई पुरुषासारखी गायला लागते. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जमेल, वेग जमणार नाही. त्यासाठी पुली बदलायला लागते, बऱ्याच मॉडेलना दोन्ही फ्रिक्वेन्सीच्या पुल्या मिळायच्या, तेवढं आधी शोधून ठेवा.

आता उघडूया. प्लग काढा, आधी सुई काढून डबीत ठेवा, आर्म स्टँडला बांधा, प्लॅटर उचलून बाजूला ठेवा आणि प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढत जा, विशेषतः स्प्रिंग कुठल्या भोकात अडकवलीय त्याचे. ई आकाराच्या क्लिपा काढताना वर कापड धरा, त्या उडतात आणि परत सापडत नाहीत. सस्पेन्शनवाल्या, म्हणजे प्लॅटर आणि आर्म स्प्रिंगवर तरंगणाऱ्या, मशीनमध्ये वाहतुकीसाठीचे स्क्रू असतात, ते घट्ट राहिले तर सस्पेन्शन कामच करत नाही, आणि कितीतरी मशीन नुसती ते स्क्रू घट्ट राहिल्यामुळे 'खराब' म्हणून विकली जातात.

आतमध्ये जे पिवळं, मेणासारखं घट्ट दिसेल ते मूळचं ग्रीस. ऑटोमॅटिक, म्हणजे आर्म आपोआप हलवणाऱ्या, मशीनमधला जवळजवळ सगळा आजार हाच असतो, आर्म मध्येच थांबतो, परत जात नाही, वेगाचा खटका फिरत नाही, आणि लोकांना वाटतं काहीतरी तुटलंय. तुटलेलं काही नसतं, चिकटलेलं असतं. जोर लावू नका, त्या काळचे पातळ ओतीव भाग कटकन मोडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल, इअरबड आणि लाकडी टूथपिक घेऊन बसा, जुनं ग्रीस पूर्ण काढा, मग सरकणाऱ्या जागी पातळ थर नवीन ग्रीसचा आणि फिरणाऱ्या पिनांना एक थेंब तेल. रबराला आणि आयडलरच्या वाटेत काहीच लागू द्यायचं नाही. आणि कृपा करून गंज सोडवायचा स्प्रे मारू नका, तो त्या वेळेपुरता सगळं मोकळं करतो, मग उडून जातो आणि उरलंसुरलं तेलही धुऊन नेतो.

ड्युअलवाल्यांसाठी खास. ऑटो स्टार्ट केल्यावर मशीन चालू होतं पण आर्म रेकॉर्डपर्यंत जातच नाही, असं होत असेल तर आतल्या मोठ्या लिव्हरवर एक छोटीशी खुंटी असते आणि तिच्यावर रबरी टोपी, जर्मन लोक तिला स्टॉयरपिंपल म्हणतात. ती दाण्याएवढी टोपी झिजली की अख्खं ऑटोमॅटिक ठप्प. तिथे बारीक सिलिकॉन नळीचा किंवा वायरच्या प्लास्टिक आवरणाचा तुकडा कापून बसवला तरी चालतं, फक्त उंची बरोबर हवी, जास्त झाली तर आर्म परत येताना अडकतो. ब्लेडने थोडं थोडं कापत जमवायचं.

मग प्लॅटरचं मुख्य बेअरिंग. स्पिंडल, म्हणजे प्लॅटरचा मधला दांडा, वर ओढून काढा, तळाशी एखादी स्टीलची गोळी असते ती हरवू नका, जुनं काळं तेल पुसा, नळीच्या आत इअरबडने साफ करा, कापसाचा तंतू राहिला नाही ना बघा. गोळीवर किंवा तळाच्या चकतीवर खड्डा पडला असेल तर गोळी बदला, चकती उलटी करता आली तर उलटी करा. तेल कुठलं, यावर भांडणं होतात. शिलाई मशीनचं किंवा टर्बाइनचं शुद्ध खनिज तेल बहुतेकांना चालतं, गाडीच्या इंजिनचं नको कारण त्यात बाकीची रसायनं असतात. पण सरसकट तेल ओतू नका, गॅरार्ड ३०१ चे सुरुवातीचे नग ग्रीस बेअरिंगचे होते आणि नंतरचे तेलाचे, म्हणजे एकाच मॉडेलमध्ये दोन पद्धती. तेल घातल्यावर स्पिंडल भोकात सोडला की तो हवेच्या दाबाने सावकाश, सुस्कारा सोडल्यासारखा खाली उतरला पाहिजे. धप्पकन पडला तर बुश, म्हणजे स्पिंडल ज्यात फिरतो ती नळी, झिजलंय.

मोटरची बुशं बहुतेकदा सच्छिद्र ब्राँझची असतात, तेल त्यांच्या पोटात मुरलेलं असतं. ती अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवलीत तर मुरलेलं तेल निघून जातं आणि नंतर वरून दोन थेंब टाकून काही उपयोग होत नाही. पुसून घ्या, कोमट तेलात तासन्तास भिजत ठेवा, बुडबुडे यायचे थांबले की झालं. मोटर घरघरत असेल तर निम्म्या वेळी तिच्या रबरी ग्रोमेट, म्हणजे मोटर जिच्यावर टेकते त्या कड्या, वाळून दगड झालेल्या असतात, त्या बदला, आवाज गायब.

बेल्ट कसा मापायचा? जुना बेल्ट ताणलेला असतो त्यामुळे त्याच्या मापावर जाऊ नका. दोरा घेऊन पुलीपासून आतल्या प्लॅटरभोवती बेल्ट जसा जाईल तसा गुंडाळा, लांबी मोजा, त्यातून साधारण ५ टक्के कमी करा, तेवढ्या लांबीचा बेल्ट घ्या. जास्त ताणलेला बेल्ट मोटरच्या बेअरिंगवर ओढ टाकतो आणि आवाज थेट सुईपर्यंत जातो. जुना बेल्ट वितळून डांबर झाला असेल तर तो चिकट प्रकार अल्कोहोलने पुसत राहायचं, दुसरा उपाय नाही, आणि जुने कपडे घालून बसा.

आयडलरचं चाक कडक आणि चकचकीत झालेलं असतं. चाक फिरतं ठेवून कडेला अगदी बारीक पॉलिशपेपर हलका टेकवा, चमक गेली की थांबा, मग अल्कोहोलने पुसा, पुली आणि प्लॅटरची आतली कडही पुसा. धप् धप् असा ठोका वेगाबरोबर येत असेल तर चाकावर खड्डा पडलाय, मशीन बंद असताना खटका गिअरमध्ये तसाच ठेवून दिल्यामुळे पडतो तो. पुढे वाजवून झालं की खटका न्यूट्रलला आणायची सवय लावा.

वीज. जमत नसेल तर हा भाग जाणत्या माणसाकडून करून घ्या, इथे काटकसर नको. ऑन-ऑफ स्विचला समांतर एक ठिणगी दाबणारा कपॅसिटर असतो, जुना पारदर्शक पिवळसर कवचाचा असेल आणि त्यावर बारीक तडे दिसत असतील तर तो आज ना उद्या धूर काढणार, चालू आहे म्हणून ठेवू नका. त्याच व्हॅल्यूचा, एक्स२ मार्किंग (थेट मेन्सच्या विजेवर वापरायचा सुरक्षित प्रकार) असलेला नवीनच टाका, साधा कपॅसिटर चालत नाही. वायरचं आवरण तडकलं असेल तर अख्खी केबल बदला.

एक चॅनेल बंद आहे? लगेच कार्ट्रिजला, म्हणजे सुई बसते त्या आवाज उचलणाऱ्या भागाला, दोष देऊ नका. ऑटोमॅटिक मशीनमध्ये आर्म उचलताना आवाज बंद करणारा म्युटिंग स्विच असतो, त्याच्या पट्ट्या काळ्या पडतात, कॉन्टॅक्ट क्लीनर आणि जाड कागदाची पट्टी मधून ओढली की बरेचदा आवाज परत येतो. हेडशेलमागच्या चार पिना पण पुसा. तरी नाही आलं तर हेडशेलच्या वायरी तपासा, रंग असे: पांढरा डावा पॉझिटिव्ह, निळा डावा निगेटिव्ह, लाल उजवा पॉझिटिव्ह, हिरवा उजवा निगेटिव्ह. सोल्डर करायचं असेल तर क्लिप कार्ट्रिजपासून काढूनच, पिनेला आयर्न लावलं की आतली केसासारखी वायर सुटते आणि कार्ट्रिज कायमचं गेलं. गुंगुं असा हम येत असेल तर वेगळी ग्राउंड वायर अँप्लिफायरला लावलीय का ते पहिलं बघा.

वेग तपासायला कागदावर छापलेली स्ट्रोब चकती पुरते, दिव्याखाली फिरताना तिच्या रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, म्हणून ३३.३३ साठी १८० रेघा लागतात, ६० हर्ट्झला २१६. चुकीची चकती छापली तर तुम्ही बरोबर चाललेलं मशीन बिघडवून ठेवाल. आणि एलईडी बल्बखाली हे बहुतेकदा दिसतच नाही, निऑन दिवा किंवा जुना फिलामेंटचा बल्ब हवा. मोबाइल प्लॅटरवर ठेवून वेग सांगणारी ॲप्स आहेत, ढोबळ अंदाजाला ठीक. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये वेग थरथरत असेल तर आधी पिच कंट्रोल (वेग कमीजास्त करायचा खटका) आणि आतले ट्रिमर (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे छोटे रेझिस्टर) क्लीनरने साफ करा, मग इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदला, बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. टेक्निक्सच्या बऱ्याच मशीनमध्ये मोटरचं चुंबक प्लॅटरलाच असतं, लोखंडाचा कीस पडलेल्या टेबलावर तो ठेवू नका.

आता जिथे खरे पैसे घालायचे ती जागा, सुई आणि तिची जुळणी. बाकी सगळीकडे जुगाड चालेल, इथे नाही. झिजलेली सुई नुसतं खराब वाजवत नाही, खाच खरवडून टाकते आणि ते नुकसान भरून येत नाही. 'जुनी पण न वापरलेली' सुई मोहात पाडते, पण तिच्या दांडीमागचं रबर इतक्या वर्षांत कडक झालेलं असू शकतं, त्यापेक्षा आज बनत असलेल्या चालू मॉडेलची साधी सुई बरी. आणि मशीनमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असेल तर त्याचा आर्म ५ ग्रॅमच्या आसपास वजनासाठी बनवलेला असतो, त्याला नाजूक मॅग्नेटिक कार्ट्रिज लावण्यात अर्थ नाही. ७८ च्या तबकड्या वाजवायच्या असतील तर त्यांची सुई वेगळी, एलपीच्या सुईपेक्षा चौपट जाड टोकाची, आणि त्या लाखेच्या तबकड्या अल्कोहोलने कधीही पुसू नका, विरघळतात.

जुळणीसाठी फुकटचा प्रोट्रॅक्टर, म्हणजे कार्ट्रिजचा कोन जुळवायचा तक्ता, छापून घ्या, पण छापताना आकार १०० टक्के ठेवा आणि पट्टीने मोजून खात्री करा. बेअरवाल्ड नावाच्या जुळणीच्या पद्धतीच्या हिशेबात स्पिंडलच्या केंद्रापासून ६६ आणि १२१ मिलिमीटरवर दोन बिंदू येतात, दोन्ही ठिकाणी कार्ट्रिज रेघांना समांतर दिसलं पाहिजे. स्पिंडलचं भोक घट्ट कापा, सैल भोक म्हणजे सगळी मेहनत वाया. कार्ट्रिज तिरकं आहे का हे उघड्या डोळ्यांना कळत नाही, म्हणून ०.५ एमएमच्या पेन्सिलीची शिस त्याच्या सपाट पुढच्या कडेला चिकटपट्टीच्या कणाने आडवी लावा, दोन्ही बाजूंना लांब आल्यामुळे रेघांशी ताडून बघता येते. टेक्निक्सवाल्यांना अजून सोपं, हेडशेलच्या मागच्या रबरी वॉशरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर.

सुईचा रेकॉर्डवर पडणारा भार, म्हणजे वजन, मोजायला दागिने तोलायचा छोटा डिजिटल काटा घ्या, ०.०१ ग्रॅम दाखवणारा. सुई ज्या उंचीवर रेकॉर्ड असते त्याच उंचीवर टेकली पाहिजे, आणि काट्याची ताटली लोखंडी असेल तर कार्ट्रिजचं चुंबक तिला ओढतं आणि आकडा खोटा येतो, मूव्हिंग कॉइल प्रकारच्या कार्ट्रिजमध्ये तर हमखास. कंपनीने १.५ ते २ ग्रॅम सांगितलं असेल तर २ कडे झुका. हलकं वजन रेकॉर्डला जपतं हा गैरसमज आहे, सुई खाचेत उडायला लागली की तीच जास्त खरवडते. अँटीस्केट, म्हणजे आर्मला आत ओढणाऱ्या बलाविरुद्धची ओढ, वजनाइतकाच ठेवून सुरुवात करा, मग जोरात गायलेला, रेकॉर्डच्या शेवटाकडचा तुकडा ऐका, उजवा चॅनेल आधी फाटत असेल तर थोडा वाढवा, डावा फाटत असेल तर कमी करा.

इथपर्यंत आलात आणि अजून हौस आहे तर मोड. पहिला हिशेब, आर्म आणि कार्ट्रिज मिळून किती फ्रिक्वेन्सीवर डोलतात त्याचा, कागदावरच करा, त्याला काहीच लागत नाही. आर्मचं इफेक्टिव्ह मास (सुईला जाणवणारं आर्मचं वजन), कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूंचं वजन ग्रॅममध्ये मिळवा, कार्ट्रिजच्या कंप्लायन्सने (सुईच्या दांडीची लवचिकता, कंपनीच्या माहितीत दिलेला आकडा) गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा. आर्म १२, कार्ट्रिज ६, स्क्रू १, कंप्लायन्स १५, उत्तर येतं ९.४ हर्ट्झ. ८ ते १२ मध्ये असलं की छान, खाली गेलं तर वाकड्या रेकॉर्डवर वूफर नाचतो, वर गेलं तर बास बिघडतो. जपानी कंपन्या कंप्लायन्स बहुधा १०० हर्ट्झला मोजलेला देतात, तो दीडपट ते दुप्पट धरा. आकडा जास्त आला तर हेडशेल आणि कार्ट्रिजमध्ये एक पितळी चकती, कमी आला तर हलकं हेडशेल. एवढ्या साध्या गोष्टीने जे सुधारतं ते महागड्या केबलने सुधारत नाही.

जड प्लिंथ कुणाला लागते? लेन्को, गॅरार्ड अशा आयडलरना. मोटरची थरथर जिरवायला प्लायवूडचे थर गोंदाने चिकटवून, मध्ये मशीनच्या आकाराचं भोक कापून, वर धातूची प्लेट घट्ट बसवतात, लेन्कोचा सुमारे ४ किलोचा प्लॅटर अशा ठोकळ्यावर वेगळाच वाजतो. मोठा ठोकळा परवडत नसेल तर प्लेटच्या खालच्या बाजूला गाड्यांच्या दारात लावतात ते डांबरी डॅम्पिंग शीट चिकटवा, बोटाने ठोकल्यावर टण्ण ऐवजी ठक् यायला लागलं की पुरे. पण थोरेन्स टीडी १६० किंवा एआर, ज्यांचा प्लॅटर आणि आर्म स्प्रिंगवर तरंगतात, त्यांना हे करू नका. एडगर विलचरने १९६१ मध्ये एआरमध्ये तीन स्प्रिंगांवर हा सगळा भार टांगला तोच मुळी बाहेरचे धक्के अडवायला, तिथे वजन वाढवलं की स्प्रिंगा बसतात. त्यांच्यात फक्त एवढंच बघा की प्लॅटर बोटाने दाबून सोडला की तो सरळ वरखाली डोलतो, कडेकडेने हेलकावे खात नाही, नाहीतर स्प्रिंगांचे नट फिरवून जमवा.

पायांसाठी स्क्वॉशचा चेंडू अर्धा कापून उपडा ठेवला तरी मस्त काम होतं. धातूचा प्लॅटर घंटेसारखा वाजत असेल तर कॉर्कची मॅट टाका, पण मॅटची जाडी बदलली की आर्मची उंचीही बघायला लागते. आर्मची आतली वायर बदलण्याचा मोड फार गाजतो, पण जुनी वायर तुटली नसेल तर माझ्या मते तो वेळ वाया, आणि नवीन जाड वायर आर्मच्या हालचालीला अडवते.

आणि फोनो प्रीअँप, म्हणजे कार्ट्रिजचा बारीक सिग्नल अँप्लिफायरआधी वाढवणारं सर्किट, लागतोच. १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए (अमेरिकेतील रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) वक्रानुसार रेकॉर्ड कापताना बास खूप दाबलेला आणि ट्रेबल वाढवलेला असतो, दोन्ही टोकांना सुमारे २० डेसिबलने, ते उलटं करणारं सर्किट मध्ये नसेल तर आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो आणि लोक मशीन खराब समजतात. ४७ किलोओहमचं इनपुट असलेला साधा प्रीअँप सुरुवातीला पुष्कळ झाला.

झाकणाला अल्कोहोल लावू नका, ॲक्रिलिकला बारीक तडे जातात. खरचटे घालवायला पाण्यात बुडवलेला पॉलिशपेपर ८०० पासून १५००, २०००, ३००० असा चढत जा, मग प्लास्टिक पॉलिश, आणि नुसते हलके ओरखडे असतील तर ८०० ला हातच लावू नका. वाजवताना मात्र झाकण काढूनच ठेवा, स्पीकरचा आवाज तेच झाकण गोळा करून सुईपर्यंत पोचवतं.